तासांचा रकाना

मॉड्युलर सिंथेसायझर हा शब्द आमच्या घरात आला तो आपाच्या मुलाबरोबर. आपा आमच्याहून सात वर्षांनी मोठी. तिचा धाकटा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होता. २०२३ च्या पावसाळ्यात तो एक कागद घेऊन कोपरखैरण्याहून नेरुळला आमच्याकडे आला. कागदावर आठ नावं लिहिलेली आणि प्रत्येक नावापुढे युरोतला आकडा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात संध्याकाळी हाताखाली काम करून त्याने बावीस हजार रुपये साठवले होते. दुल्हाभाईंना ते पैसे घराच्या डिपॉझिटसाठी हवे होते. मुलाला या आठ नावांसाठी हवे होते. तो म्हणाला, "खाला, एवढंच सांगा, हे विकत घ्यावं की घरी बनवावं? तुम्ही सायन्स शिकवता."

बी.एड. झालेल्या माणसाला नात्यातले लोक कुठलाही प्रश्न विचारतात. शाळेचा दाखला कसा काढावा इथपासून ते फ्रीजला गॅस किती लागतो इथपर्यंत. पण हा प्रश्न आम्हाला आवडला, कारण त्याचं उत्तर वहीत मांडता येण्यासारखं होतं. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. घरातलं बोलणं उर्दूत, बाजारहाट हिंदी-मराठीत, आणि हिशेब मात्र अब्बांच्या सवयीने मराठीत. तेव्हा वही काढली.

आधी ही वस्तू काय आहे ते वाचकांना सांगणं भाग आहे. बाजारात मिळणारा कीबोर्ड एकसंध असतो. पट्टी दाबली की आवाज येतो, आत काय चाललं आहे ते दिसत नाही. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक कामाचा सुटा खण असतो, त्याला मॉड्युल म्हणतात. ऑसिलेटर स्वर निर्माण करतो. फिल्टर त्या स्वराची धार कमी-जास्त करतो. एन्व्हलप स्वर कसा उठावा आणि कसा मिटावा ते ठरवतो. अँप्लिफायर तो ठरल्याप्रमाणे मोठा-लहान करतो. सिक्वेन्सर एकामागून एक स्वरांचा क्रम लावतो. हे खण एकमेकांना वायरींनी जोडायचे आणि जोडणी वाजवणाऱ्यानेच करायची. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या त्याच असतात, पण दोन घरांचा सालन सारखा लागत नाही, तसंच काहीसं हे आहे.

ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी जवळजवळ एकाच सुमाराला पुढे आणली. तिचं मर्म व्होल्टमध्ये आहे. स्वराची उंची व्होल्टने सांगायची, एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. पुढे १९९५ च्या सुमाराला जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी एक माप रूढ केलं. खणाची उंची १२८.५ मिलिमीटर, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट. त्याला युरोरॅक म्हणतात. हे माप सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे एका पेटीत चार कंपन्यांचे चार खण बसतात, आणि पाचवा घरी बनवलेलाही बसतो. म्हणूनच 'विकत की घरी' हा प्रश्न या वाद्याच्या बाबतीत इतका खरा आहे. कीबोर्ड घरी बनवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आपल्याकडे हे वाद्य अगदीच अनोळखी नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर तिथे आले होते आणि गीता साराभाई यांचा त्यात पुढाकार होता. १९७२ पर्यंत तिथे झालेलं ध्वनिमुद्रण पुढे कित्येक वर्षं कपाटात राहिलं. त्यातलं काही २०२३ मध्ये जगासमोर आलं. आपल्या मुंबईचं उदाहरण तर आणखी जवळचं. सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. यंत्रं तिन्ही जपानी रोलँड कंपनीची होती: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले. २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं.

हे सांगण्याचं कारण एवढंच की चरणजित सिंग यांनी यंत्रं विकत घेतली होती, बनवली नव्हती. विकत घेतलेल्या वाद्यातूनही नवं काढणारा माणूस नवं काढतो. तेव्हा 'घरी बनवणारा तोच खरा' असा अभिमान बाळगायचं कारण नाही, हे आम्ही भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे 'विकत', उजवीकडे 'घरी'.

डावी बाजू लवकर भरली. साधा ऑसिलेटर घ्यायचा तर शंभर ते दीडशे युरो. युरोचा हिशेब सोपा पडावा म्हणून आम्ही शंभर रुपयांचा भाव धरला. म्हणजे एक खण दहा हजारांच्या पुढेच. त्यावर टपालखर्च, सीमाशुल्क, जीएसटी. एक खण घरी येईपर्यंत तेरा-चौदा हजार. आठ खण म्हणजे लाखाच्या वर, आणि पेटी व वीजपुरवठा वेगळा. बावीस हजारांत दीड खण येत होता. दीड खणातून कसलंही संगीत निघत नाही.

उजवी बाजू भरण्याआधी आम्ही मध्ये तिसरा रकाना घातला, कारण हिशेब प्रामाणिक असायचा तर तो घालावाच लागतो. पंधरा-वीस हजारांत एक छोटा तयार सिंथेसायझर मिळतो, त्यात हे सगळे खण आतल्या आत असतात. आणि संगणक असेल तर तेवढेही नकोत. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर २०१७ पासून उपलब्ध आहे. त्यात हीच पेटी पडद्यावर दिसते, वायरीसुद्धा ओढता येतात, आणि त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. नुसता आवाजच हवा असेल तर बाकीचे दोन्ही रकाने इथे हरतात.

भाचा म्हणाला, "खाला, ते माझ्याकडे आहे. वर्षभर तेच वाजवतोय. पण ते उघडता येत नाही."

या 'उघडता येत नाही'वर आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. वर्गात चाळीस मुलं असतात, त्यांतली एक-दोनच अशी असतात की जी वस्तू उघडून पाहिल्याशिवाय राहत नाहीत. त्या मुलांना शाळेत सगळ्यात जास्त ओरडा बसतो. आम्ही म्हटलं, एक खण बनवून पाहा. एकच. आणि जेवढा खर्च होईल तेवढा लिही.

मुंबईत सुटे भाग घ्यायचे तर लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदार जुनंच नाव सांगतो. वाशीहून हार्बर गाडी, कुर्ल्याला उतरून दादर, दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. आम्हीही बरोबर गेलो, कारण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी वायरी घ्यायच्या होत्या. तिथे एक गंमत कळली. बालभारतीच्या उर्दू पुस्तकात रोधाला 'मुजाहमत' म्हणतात आणि विद्युतधारेला 'बर्की रौ'. आम्ही पंधरा वर्षं हेच शब्द शिकवतो आहोत. मराठी माध्यमाची मुलं रोध आणि विद्युतधारा म्हणतात. काउंटरवरचा माणूस यातलं काहीच म्हणत नाही. तो 'रजिस्टर' म्हणतो आणि शंभराची पुडी पुढे सरकवतो. पाच हवे असतील तर पाचांना जी किंमत, तिच्यात पन्नास येतात. घरी बनवणाऱ्याचा पहिला खर्च इथेच होतो. लागतं त्याहून जास्त घ्यावं लागतं. आणि स्वस्त आयसी घेतली तर तिच्यावर छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. जुन्या चिपवर नवं नाव छापून विकण्याचा धंदा जगभर चालतो.

आठवड्याने भाच्याने उजवी बाजू भरून आणली. आयसी, ट्रान्झिस्टर, रोधक, कपॅसिटर मिळून २६० रुपये. फिरवायचे पोटेन्शिओमीटर आणि त्यांच्या खुंट्या १८०. वायर खुपसायचे सॉकेट १००. बोर्ड ६०. पुढची ॲल्युमिनियमची पट्टी कापून, भोकं पाडून २५०. वायर आणि सोल्डर १००. एकूण ९५०. त्याशिवाय जळालेले भाग ३०० आणि दोन फेऱ्यांचं भाडं व चहापाणी १५०. म्हणजे १,४००. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, सोल्डर ओढायचा पंप, कटर अशी हत्यारं २,२००, पण ती पुढच्या खणांनाही चालणार होती.

चौदा हजारांसमोर चौदाशे. आपा म्हणाली, "मग विचारायचं काय राहिलं?" दुल्हाभाईंनीही पहिल्यांदाच त्या कागदाकडे नीट पाहिलं.

पण तो खण सुरात राहत नव्हता. सकाळी लावलेला स्वर दुपारी सरकलेला असायचा. याचं कारण आम्हाला पुस्तकात सापडलं आणि शिक्षकाला होतो तो आनंद झाला. एक व्होल्टला एक सप्तक हे गणित ट्रान्झिस्टर करून देतो, पण ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानावर अवलंबून असतो. दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. ऐकायला हा आकडा काहीच नाही. पण मूळ स्वरापासून पाच सप्तकं वर गेलं की एका अंशाला तो फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो. पाच अंश उकाडा वाढला की स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने हलतो. नवी मुंबईत सकाळ आणि दुपार यांच्यात पाच अंशांचा फरक कधीही पडतो. उपाय आहेत. सारख्या स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर निवडून एकमेकांना चिकटवायचे आणि तापमानाबरोबर बदलणारा खास रोधक त्यांच्या अंगाला लावायचा. तो रोधक साध्या रोधकाच्या कित्येक पट महाग पडतो. आणि सारखे ट्रान्झिस्टर मिळावेत म्हणून भाचा एका रात्री पुडीतले शंभर ट्रान्झिस्टर एकेक मोजत बसला. त्यांतून सात जोड्या निघाल्या.

स्वर हवेबरोबर हलतो हे तंबोऱ्याला नवं नाही, आणि तंबोरा म्हटला की आपल्याला मिरज आठवते. तिथे सतार-तंबोरा बनवणारी बहुतेक घराणी आपल्याच समाजातली. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले तेव्हा एकोणिसाव्या शतकात ही मंडळी वाद्यांकडे वळली. त्यांत फरीदसाहेब सितारमेकर यांचं नाव पहिलं घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शाळेच्या फलकावर आम्ही ती बातमी लावली होती. एका लग्नाला मिरजेला गेलो असताना त्या गल्लीत तासभर बसायला मिळालं. भोपळा वाळलेला, तुणाचं लाकूड कोरलेलं, तारा चढवलेल्या. वाद्य आमच्या दृष्टीने तयार होतं. पण एक वयस्क कारागीर घोडी घासत होते. किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायची. याला जवारी काढणं म्हणतात. तारेचा तो गुंजणारा आवाज त्यातूनच येतो. आम्ही होतो तोवर ते एकाच घोडीवर होते. हा तास कुठल्याही सामानाच्या यादीत सापडत नाही. लाकडाला भाव आहे, भोपळ्याला भाव आहे, तारेला भाव आहे.

१९७९ मध्ये बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला आणि पुढे तो घरोघर गेला. शिकणाऱ्या मुलामुलींची त्याने मोठी सोय झाली यात शंका नाही. पण दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक सहज म्हणतो की लाकडी तंबोरा महाग. महाग का, याचं उत्तर त्या घासण्यात आहे.

भाच्याचा तिसरा खण २०२४ च्या सुरुवातीला चांगला झाला. सुरात राहिला. मित्रांमार्फत तो एका स्टुडिओवाल्याच्या कानावर गेला आणि त्याने अडीच हजारांना घेतला. भाचा मिठाई घेऊन आला. सामान-बिघाड धरून खर्च चौदाशे, विक्री अडीच हजार, फायदा अकराशे. स्टुडिओवाल्याने आणखी तीन मागितले होते, पण दोन-दोन हजारांत. त्याचं म्हणणं होतं, "तू घरीच तर बनवतोस. दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही. तुझा खर्च काय?"

त्या दिवशी आपा खाली बसून साडीला फॉल-बीडिंग करत होती. हे काम ती गेली सोळा वर्षं करते. एका साडीला दोन तास आणि नव्वद रुपये. धागा तिचाच. आम्ही भाच्याला विचारलं, हा खण किती तासांत झाला? तो म्हणाला, मोजलं नाही. आम्ही म्हटलं, मोज. कॉलेज, दुकान वगळून, रात्री किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसलास, ते आठव. त्याने बोटांवर मोजलं. बावीस तास निघाले. अकराशे भागिले बावीस, पन्नास रुपये तास. आपाचे पंचेचाळीस. दोन हजारांना विकला असता तर सत्तावीस.

आपाने सुई थांबवली. ती फार बोलणारी नाही. ती एवढंच म्हणाली, "बेटा, माझ्या बोटांचा हिशेब या घरात कुणी कधी मांडला नाही. तुझ्या बोटांचा तरी मांडू दे."

आम्हाला लहानपणच्या ईदा आठवल्या. अम्मी रमजानभर रात्री मशीनवर बसायची. पाच भावंडांचे कपडे घरीच व्हायचे. मोहल्ल्यातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, घरी शिवले म्हणून किती पैसे वाचले! वाचलेले पैसे म्हणजे टेलरची मजुरी. टेलरने घेतली नाही म्हणजे ती कुणी तरी कमावली होती. पण 'अम्मीने कमावले' असं कुणी म्हटलं नाही, 'वाचले' असंच म्हटलं. आपल्या वस्त्यांमध्ये जरीचं काम करणारे, बॅगा शिवणारे, गाद्या भरणारे, घरात बसून मणी ओवणाऱ्या बायका, या सगळ्यांच्या मालाची किंमत कमी असते ती याच शब्दामुळे. 'घरी बनवलेलं स्वस्त पडतं' या वाक्यात एका रकान्यात शून्य लिहिलेलं असतं. ते शून्य कधी घरच्या बाईचं असतं, कधी कारागिराचं, आणि आता ते आमच्या डिप्लोमावाल्या मुलाच्या नावापुढे येत होतं. हुनर हातात आलं आणि त्याचा भाव मात्र फॉल-बीडिंगचाच राहिला, तर आपाने सोळा वर्षं सुया घालून त्याला शिकवलं कशासाठी?

म्हणून वहीत चौथा रकाना आला: तास. त्यात काय भाव धरायचा हा प्रश्न होता. मोबाईलच्या दुकानात भाच्याला तासाला साधारण १२० रुपये पडत होते. तोच भाव धरला. तोवर हात बसला होता, एका खणाला चौदा तास पुरत होते. चौदा तासांचे १,६८०. सामान आता थोडं जास्त घेतल्यामुळे १,१००. बिघाड १५०. बेरीज २,९३०. वर्षभरात काही बिघडलं तर दुरुस्त करून द्यायचं, त्यासाठी ५७०. किंमत साडेतीन हजार. परदेशी खणाच्या पाव हिश्श्याएवढी, आणि तरीही त्यात कुणाच्या नावापुढे शून्य नाही.

स्टुडिओवाला पुन्हा आला नाही. भाचा दोन महिने उतरलेल्या चेहऱ्याने हिंडला आणि त्याचं आम्हालाही वाईट वाटलं. मग एकाने घेतला, त्याने दुसऱ्याला सांगितलं. वर्षभरात नऊ गेले. हा काही मोठा धंदा नव्हे. पण बावीस हजारांतले सोळा हजार घराच्या डिपॉझिटला लागले आणि मुलगा स्वतःचं सामान स्वतःच्या पैशाने आणू लागला, एवढं झालं.

या दोन वर्षांत 'विकत की घरी' याचं जे उत्तर आमच्या वहीत तयार झालं ते इतर मुलांच्या आई-बापांना उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी गाठ असलेली कुठलीही वस्तू घरी बनवू नये. पेटीचा वीजपुरवठा तयारच घ्यावा, बीआयएसची खूण असलेला ॲडॅप्टर बघून. तिथे वाचवलेले पाचशे रुपये जिवावर येऊ शकतात. छापील बोर्ड बाहेरून करून घ्यावा, हाताने वायरिंग करण्यात जातात ते तास त्याच्या किमतीहून जास्त असतात. पहिला खण सुटे भाग गोळा करून बनवण्यापेक्षा सगळे भाग मोजून दिलेल्या किटचा घ्यावा. तो महाग दिसतो, पण पुड्या आणि फेऱ्या वाचतात. नकाशे फुकट मिळतात. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स नावाची एक फ्रेंच कंपनी होती, २०२२ मध्ये ती बंद झाली, पण तिने आपल्या खणांचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले आणि आज जगभर लोक त्यावरून बनवतात. आठही खण घरीच केले तर पेटी-वीज-हत्यारं धरून वीस हजारांच्या आसपास खर्च येतो आणि पहिल्या माणसाचे दीड-दोनशे तास जातात. म्हणजे तयार छोट्या सिंथेसायझरपेक्षा ते स्वस्त नाहीच. आवाज हवा असेल तर विकत घ्या. हात हवा असेल तर बनवा. आणि बनवून विकणार असाल तर तास लिहा.

शाळेत मात्र हा रकाना वेगळा वाचावा लागतो. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी बाजारात तयार 'प्रोजेक्ट' मिळतात, तीनशे-चारशे रुपयांत ज्वालामुखी, क्रेन, पाण्याचं चक्र. कामावरून थकून आलेला बाप तो आणून देतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचेही तास संपलेले असतात. २०२४-२५ च्या प्रदर्शनाला आम्ही नववीच्या बारा मुलामुलींकडून एक खेळणं करून घेतलं. सीडी ४०१०६ नावाची एक चिप आहे, तिच्यात सहा भाग सारखे असतात. प्रत्येकाला एक रोधक आणि एक कपॅसिटर जोडला की तो भाग एकेक स्वर काढू लागतो. रोधकाच्या जागी फिरवायचा पोटेन्शिओमीटर लावला की स्वर चढवता-उतरवता येतो. सहा स्वर एकत्र धरले की गुंजारव होतो, तंबोऱ्याच्या जवळपास जाणारा, जरा चिडका. चिप २५, बोर्ड २०, सहा पोटेन्शिओमीटर ९०, बाकीचे सुटे भाग १२, बॅटरी आणि तिची टोपी ३५, स्पीकरला जोडायचं सॉकेट १५. एकूण १९७ रुपये. नऊ व्होल्टची बॅटरी, त्यामुळे शॉकची भीती नाही. मुजाहमत वाढवली की स्वर खाली येतो, हे पुस्तकातलं वाक्य मुलांनी कानाने ऐकलं.

प्रत्येकाने आपल्या खेळण्याशेजारी हिशेबाचा कागद ठेवायचा आणि त्यात तासही लिहायचे, असा आमचा नियम होता. बाजारात तास हा खर्च असतो. शाळेत मूल जे मिळवतं ते तासांतच मिळवतं, तेव्हा तिथे तो रकाना कमी करण्याचं कारण नाही. एका मुलीने लिहिलं होतं: एकूण नऊ तास, त्यांतले चार चूक शोधण्यात. परीक्षक आले, त्यांनी सहा खुंट्या फिरवून पाहिल्या आणि ही वस्तू तयार कितीला मिळते असं विचारलं. मुलगी म्हणाली, "सर, चूक शोधायचे चार तास तयार मिळत नाहीत." तिचा नंबर आला नाही.

तिचे वडील लादी बसवण्याचं काम करतात, ऐरोलीपासून पनवेलपर्यंत, फुटावर. कामावरून तसेच आले होते, पँटला सिमेंट लागलेलं. त्यांनी गुंजारव ऐकला, हसले आणि मग हिशेबाचा कागद उचलून बराच वेळ वाचला. आम्हाला विचारलं, "मॅडम, हे तासांचं तुम्ही लिहायला लावलं?" आम्ही हो म्हटलं. त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला. महिन्याभराने मुलीने सांगितलं, अब्बांनी एक वही केली आहे. तिच्यात सामानाचा रकाना नाही, सामान मालकाचं असतं. तारीख, जागा आणि तास, एवढंच लिहितात.